विहीणबाई, तुमचे दात आणि तुमचं इंग्रजी

मंगळवार, ४ मार्च

विहीणबाई,

नमस्कार. रीत आहे म्हणून घातला, घ्यायचा तर घ्या.

नात झाली. तुम्हालाही झाली म्हणा, पण तुमच्या ती डोळ्यांसमोर आहे, दिवसातून दहा वेळा रडताना ऐकता, तुम्हाला त्याचं काय. मला दिसलेली नाही, म्हणून माझा आनंद तुमच्यापेक्षा मोठा. काल माझ्या मुलाने फोन ठेवला आणि म्हणाला, "आई, मुलगी. केस भरपूर." मी आमच्या कवळ्यांच्या दुकानात पॉलिशच्या मशीनवर बसले होते, हातात एका ड्रायव्हरची वरची कवळी होती. आनंदाच्या भरात इतकी घासली की त्यात माझं तोंड दिसायला लागलं. ड्रायव्हर न्यायला आला तर म्हणाला, एवढे दात चमकले तर समोरून येणारी गाडी थांबेल.

आणि आजच तुमची चिठ्ठी. दोन ओळी. "कृपया येऊ नये. तुमच्या येण्याने परिस्थिती ॲग्रव्हेट होईल."

माझं शिक्षण तुम्हाला माहीत आहे, पहिल्याच भेटीत विचारलं होतंत. मी चौथी सांगितली होती. खरं म्हणजे तिसरी. चौथीत नाव घातलं त्या वर्षी शाळेचं छप्पर बसलं. तर हा शब्द मला कुठून येणार? पण आमच्याकडे हल्ली एक रिटायर वकील रोज बाकावर येऊन बसतात. सगळे दात काढलेत, हिरड्या भरून आल्याशिवाय नवे बसत नाहीत, आणि घरी एकटे, म्हणून इथे पेपर वाचतात. त्यांना विचारलं. म्हणाले, "ॲग्रव्हेट म्हणजे मुळात जड करणं. आधीच असलेल्या त्रासावर आणखी ओझं टाकणं."

मी म्हटलं, माझं वजन त्यांना कुणी सांगितलं?

आता ओझ्याचंच काढलंत तर आधीचं कुणाचं ते बघू. चार महिन्यांपूर्वी तुम्ही आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून तक्रार केलीत की जावयाने केलेल्या कवळीमुळे तोंडातून शिट्टी वाजते. साधं तेवढंच सांगायचं. पण तुम्ही शिक्षिका, उदाहरणासह स्पष्टीकरण दिल्याशिवाय तुमचं भागत नाही. "संध्याकाळी सहा ते सात सातवीची सगळी मुलं माझ्यासमोर हसतात." प्रत्येक स ला शिट्टी. वाक्य संपायच्या आत शेजाऱ्यांचं कुत्रं आमच्या दारात येऊन शेपूट हलवत बसलं. मी एवढंच म्हणाले, "बघा, हा एक तरी शिस्तीचा विद्यार्थी मिळाला."

माझा मुलगा हसला. हसू आलं म्हणून हसला. तुम्ही उठलात, तुमच्या मागे तुमची मुलगी उठली, पाचव्या महिन्यातलं पोट घेऊन बॅग भरली, आणि तेव्हापासून माझी सून तुमच्याकडे. आता सांगा, ओझं कुणी टाकलं? कुत्र्याने?

राहिली दातांची गोष्ट. आमच्या कामात मापं मुलगा घेतो, कवळी तो घडवतो, पण पुढचे दात निवडायचं काम माझं. माझ्या नवऱ्याच्या वेळेपासून. कार्डावर लहान, मध्यम, मोठे, गोल, चौकोनी असे दात लावलेले असतात. गिऱ्हाइकाचा चेहरा बघायचा आणि बोट ठेवायचं. तुमच्या वेळी मी तुमच्याकडे बघितलं नाही हे खरं. घरचं माणूस, काय बघायचं, म्हणून आठवणीतून काढले. आणि मला तुम्ही जेव्हा जेव्हा आठवता तेव्हा तोंड उघडलेलंच असतं. मग मोठे निघाले. यात माझी चूक किती आणि तुमची सवय किती, हे तुम्हीच तपासा.

रविवारी येते आहे. नातीला बघायला येते आहे, तुम्हाला नाही.

तुमची विहीण

•

सोमवार, १० मार्च

विहीणबाई,

माझं पत्र लाल शाईने तपासून परत पाठवलंत, पोचलं. सत्तावीस ठिकाणी गोल केलेत. खाली शेरा, "विषयांतर फार. दहापैकी तीन." आयुष्यात पहिल्यांदा मला मार्क मिळाले. फ्रीजवर लावून ठेवलंय.

आता कालचं. मी भांडायला आले नव्हते. मी दातांचा डबा घेऊन आले होते, यावरून तरी समजायचं होतं. माझ्या मनात असं की आठवणीतून निवडलं ते चुकलं ना, मग आता समोरासमोर निवडू. पुढच्या दातांचे वीस संच मऊ मेणाच्या पट्ट्यांवर लावून आणले होते. तिसऱ्या मजल्यापर्यंत चढले, माझे गुडघे तुम्हाला माहीत आहेत. तुम्ही दार उघडलंत ते साखळी लावून. फटीतून तुमचा एक डोळा आणि अर्धं नाक.

"मी येऊ नका लिहिलं होतं."

"मी बाळाला बघायला आलेय."

"बाळ झोपलंय."

"मग तोवर दात निवडू."

हे मी जरा मोठ्याने म्हणाले. जिन्यात आवाज घुमतो, त्याला मी काय करू. तुमच्या घरात शिकवणी चालली होती हे मला दिसलं नाही, फटीत तुम्हीच मावत नव्हता. मी डबा उघडून वर धरला, की तुम्हाला नीट दिसावं. तुम्ही दार ढकललंत. आणि डबा गेला.

विहीणबाई, तीस वर्षं दातांत काम केलंय, पण दात जिना उतरताना मी पहिल्यांदाच पाहिले. पट्ट्यांवरून सुटून एकेक दात पायरीवरून टप टप टप खाली. दुसऱ्या मजल्यावरची बाई केर काढत होती, ती झाडू टाकून आत पळाली. मग तुमच्याच शिकवणीतली पोरं साखळी काढून बाहेर आली आणि जिनाभर दात वेचायला लागली. चांगली पोरं आहेत हं. एकाने मूठ उघडून तुम्हाला विचारलं, "टीचर, यातले तुमचे कोणते?"

त्यावर तुम्ही दार लावलंत. मी पायरीवर बसून राहिले. आत बाळ रडलं. झोपलंय म्हणाला होतात ते खोटं होतं की आमच्या आवाजाने उठलं, देव जाणे. पण रडली ती. बारीक नाही, चांगली खणखणीत, आमच्या घरच्यासारखी. पोरं एकेक दात माझ्या पदरात आणून टाकत होती आणि मी तिकडे कान लावून बसले होते. नंतर मोजले तर एक सुळा कमी आहे. सापडला तर ठेवा.

आज तुमचं उत्तर हातोहात आलं. "तुम्ही सर्व एक्झॅसरबेट केलंत. आता सगळ्या इमारतीला कळलं." म्हणजे इमारतीला माहीत नव्हतं? शिट्टी वाजत होती ना चार महिने?

वकिलांकडे गेले. ते म्हणाले, हा शब्द त्यांना दात नसताना उच्चारता येणार नाही, पण अर्थ येतो. कडवट करणं, तिखट करणं. दुखण्याच्या बाबतीत जास्त वापरतात. मी विचारलं, पहिल्या शब्दापेक्षा यात काय वेगळं? ते म्हणाले, "पहिल्यात ओझं आहे, दुसऱ्यात चव." तुमच्या भाषेत एकाच वाईट कामाला दोन शब्द, तेही चवीसकट. आमच्यात जखमेवर मीठ चोळणं म्हटलं की झालं. मीठ घरात असतंच, शब्दकोश लागत नाही.

मीठ मी चोळलं म्हणता, तर जखम कुणाची ते लिहा. आणि पुढच्या वेळी लाल शाई जरा फिकी वापरा, कागद फाटतो.

तुमची विहीण

•

शनिवार, २२ मार्च

विहीणबाई,

ती नोटीस नव्हती.

हे आधी नीट वाचा, पाहिजे तर लाल गोल करा, पण वाचा. ती नोटीस नव्हती, विनंती होती. झालं असं की माझ्या पत्रांना तुम्ही तीन मार्क देता, तेव्हा मला वाटलं की तुमच्या तोलाच्या इंग्रजीत एक पत्र जावं. म्हणजे मान ठेवल्यासारखं होईल. मी वकिलांना म्हटलं, "चांगलं इंग्रजी येतं ना तुम्हाला?" ते म्हणाले, "चाळीस वर्षं तेच लिहिलं." मी म्हटलं, "मग एवढंच लिहा. माझ्या नातीला एकदा डोळे भरून बघायचंय. बाळाच्या आईच्या सोयीने. आजीचा जीव तुटतो. इतकंच."

ते इतके खूश झाले की काय सांगू. घरी जाऊन जुना छापील कागद शोधून आणला, वर त्यांचं नाव, पदवी, सगळं. दोन दिवस बसून लिहिलं. मला वाचून दाखवलं, पण दात नाहीत आणि इंग्रजी, त्यात मला कळणार काय? ऐकायला घंटेसारखं होतं. मी खाली सही केली. मोठी, वळणदार.

तुमच्या मुलीने ते उघडलं. काय काय होतं त्यात ते माझ्या मुलाने मला नंतर मोठ्याने वाचून दाखवलं, एकेका ओळीचं मराठी करून. सदर अल्पवयीन मुलीला पाहण्याचा माझा हक्क. तो नाकारल्यास होणाऱ्या परिणामांना आपण जबाबदार. सात दिवसांच्या आत. फेलिंग विच.

मी वकिलांना विचारलं, "हे काय लिहिलंत?"

"विनंती."

"फेलिंग विच म्हणजे?"

"तसं न केल्यास." जरा ओशाळले. "ते टाकल्याशिवाय मला पत्र पुरं झाल्यासारखं वाटत नाही."

"आणि आजीचा जीव तुटतो ते कुठंय?"

"परिच्छेद चार. मानसिक क्लेश."

तर असं. माझी सून ओली बाळंतीण, तिने ते वाचून बाळाला छातीशी धरलं आणि रडत नवऱ्याला फोन लावला की तुझी आई पोरीला कोर्टातून ओढून नेतेय. मुलगा हातातला साचा तसाच टाकून धावला. साच्यातलं प्लास्टर हवेवर वाळून दगड झालं. तुम्ही त्याला आत घेतलंत. त्याने पोरीला घेतलं. हे सगळं मला त्याने घरी येऊन सांगितलं, बूट न काढता, दारातच उभा राहून.

"आई, तिच्या हनुवटीला खळी आहे."

"कुणासारखी?"

"आई, तू आता पत्र लिहू नकोस. कुणालाच. वाण्याला चिठ्ठीसुद्धा लिहू नकोस."

मी म्हटलं, बरं. म्हणून हे पत्र मी वकिलांच्या छत्रीत गुंडाळून पेटीत टाकायला पाठवते आहे.

तुमचा कागद मिळाला. यावेळी दोन शब्द एकदम, म्हणजे रागही दुप्पट धरू. "यू हॅव इन्फ्लेम्ड अँड एस्कलेटेड." वकिलांनी मान खाली घालून अर्थ सांगितला, गुन्ह्यात त्यांचाही हात. पहिला म्हणजे आग लावणं. तो मला पटला नाही. आग आधीच होती, मी फक्त शेगडी जवळ सरकवली. दुसरा म्हणजे शिडीने वर वर चढवणं. तो मात्र ओळखीचा निघाला. बाजारात सरकता जिना झालाय ना, एस्कलेटर, त्याच्याच नावावरून हा शब्द निघालाय. त्यावर मी एकदाच चढले. एकदा पाऊल ठेवलं की उतरता येत नाही, वर पोचेपर्यंत मागच्या माणसाच्या पायावर उभं राहावं लागतं, आणि वर पोचल्यावर तो तोंडघशी पाडतो. त्यात माझी शाल अडकली होती.

तेव्हा हा शब्द मी स्वीकारते. पण जिन्यावर मी एकटी नव्हते. साखळी कुणी लावली, बाळ झोपल्याचं कुणी सांगितलं? शिडीला दोन बाजू असतात, विहीणबाई.

खळी कुणासारखी आहे ते तेवढं कळवा. आमच्यात कुणाला नाही. तुमच्यात असेल तर कळवू नका.

तुमची विहीण

•

गुरुवार, ३ एप्रिल

विहीणबाई,

आता तुम्हालाही कळलं असेल. मला काल रात्रीच्या जेवणाला कळलं.

मुलगा आणि सून एक झाले. मी देवाला म्हणत होते की एक होऊ देत, तर झाले, पण ते आपल्या दोघींच्या विरुद्ध एक झाले. मागायला गेले डोळा आणि देवाने दोन्ही काढून घेतले, असं आहे हे. दुसऱ्या शहरात, दिवसभराच्या प्रवासावर, दातांचा मोठा कारखाना आहे, तिथे त्याला काम मिळालंय. राहायला घर देतात. तो म्हणाला, "आई, तुझ्याकडे राहिलो तर तिची आई जळते, तिच्याकडे राहिलो तर तू जळतेस. आम्ही असे राहू की दोघींना सारखंच लांब पडेल."

मी म्हटलं, "आणि पोर?"

"ती आमची आहे, आई."

एवढं साधं बोलला की मी भांडायचं सोडून त्याला आमटी वाढली. तुम्हाला माहीत आहे माझं असं कधी होत नाही.

तुमच्याकडे काय झालं ते सून फोनवर नवऱ्याला सांगत होती, त्याने फोन स्पीकरवर टाकला होता, मी ऐकलं. तुम्ही तिला म्हणालात, "मी एवढी तुझी बाजू घेतली." ती म्हणाली, "आई, तू माझी नाही, तुझ्या दातांची बाजू घेतलीस." चांगलं बोलली. माझ्या घरी दोन वर्षं राहिली, काहीतरी शिकणारच.

आता तुमचं आज आलेलं कार्ड. यात शब्द आहे कंपाउंड. मला वाटलं कुंपणाबद्दल काही असेल. वकील म्हणाले, नाही, हा वेगळा, एकावर एक चूक रचत जाणं. मग त्यांनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाले, "बाई, यावेळी त्यांनी तुम्ही लिहिलेलं नाही. आपण लिहिलंय. आपण कंपाउंड केलं."

मी तीनदा वाचायला लावलं. पोचलं. त्याच्यावर मी काही बोलत नाही. तुम्हीही बोलू नका, नाहीतर परत काही होईल.

आता कामाचं ऐका. माझ्या नवऱ्याने हे दुकान टाकलं तेव्हाच एक नियम घातला होता की कुणाचं तोंड अर्धं टाकून जायचं नाही. तो स्वतः आजारी पडला तेव्हा दवाखान्यातून येऊन एका म्हातारबाबांची खालची कवळी बसवून परत गेला. मुलगा तो नियम पाळतो. हातात घेतलेली तोंडं पुरी होईपर्यंत तो कुठे जाणार नाही, कारखान्यालाही त्याने तसंच सांगितलंय. आता दोनच उरलीत. वकील आणि तुम्ही.

मला कळलंय की तुम्ही नखं घासायच्या कानशीने पुढचे दात स्वतःच घासलेत. शिट्टी जाईल म्हणून. गेली नाही, वर आता जेवताना भाजी अडकते. दुसऱ्या डॉक्टरांकडेही जाऊन आलात, ते म्हणाले, ज्याने केली त्याच्याकडेच जा. तर मुलाने ठरवलंय की सासूबाईंची कवळी नव्याने करायची आणि मगच निघायचं. आणि सुनेने अट घातलीय. दर बुधवारी ती बाळाला घेऊन दुकानात येईल, एक तास. तेव्हा आपण दोघीही तिथे पाहिजेत. एक आली नाही तर दुसरीलाही बाळ नाही. कवळी बसली की ते निघणार.

म्हणजे मला नात बघायची तर तुम्ही समोर पाहिजे. याहून वाईट शिक्षा वकिलांच्या कोर्टातही देत नसतील.

बुधवारी या. वेळेवर या. कानशी आणू नका.

तुमची विहीण

•

गुरुवार, १० एप्रिल

विहीणबाई,

काल तुम्हाला बोलता येत नव्हतं म्हणून आज उत्तर द्यायचंय असेल, तर आधी माझं वाचा.

मुलाने तुमच्या तोंडात मेण घातलं आणि म्हणाला, "चावून धरा, हलू नका, मी सांगेपर्यंत." आणि तेवढ्यात सुनेने बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. मुद्दाम नाही, तिला पाणी प्यायचं होतं. पण तुम्ही तोंड बंद करून खुर्चीत, आणि बाळ माझ्याकडे. विहीणबाई, माझ्या जन्मात इतकं सुख एका वेळी आलेलं नाही.

काय वजन आहे हो तिचं. दिसते एवढीशी, पण मांडीवर घट्ट बसते. तिने माझं बोट धरलं ते तोंडात घातलं, आणि हिरड्यांनी असं दाबलं की मी मुलाला म्हणाले, "हिचा चावा बघ, तुझ्या सासूपेक्षा सरळ आहे." मग मी तिला सगळं सांगितलं. दात जिन्यावरून कसे गेले, तुमच्या विद्यार्थ्याने काय विचारलं, कुत्रं कसं आलं. तुम्ही खुर्चीतून हूं हूं करत होतात. डोळे एवढे मोठे केलेत की मला वाटलं आता कवळीऐवजी चष्मा करावा लागतो.

मेण लवकर बसलं होतं. मुलगा काढायला निघाला तर मीच म्हणाले, "अजून थोडं राहू दे, कड नीट उमटू दे." त्याची गरज नव्हती. ते मी माझ्यासाठी म्हणाले, लपवत नाही.

मग तुमची पाळी. मेण निघालं, बाळ तुमच्याकडे गेलं, आणि मला वाटलं आता या सगळं भरून काढणार. पण तुम्ही तिच्या हनुवटीवर बोट ठेवून बसलात. तेव्हा मला तुमची हनुवटी दिसली. कवळी नसली की तोंड आत जातं आणि खळी वर येते. तुमचीच आहे ती. इतकी वर्षं मी तुमच्या तोंडाकडे बघत होते, हनुवटीकडे कधी लक्षच गेलं नाही.

तेव्हाच मी दात निवडले. यावेळी बघून. लहान आहेत, टोकाला जरा गोल. तुम्हाला शोभतील. हे मी कौतुक म्हणून लिहीत नाही, माझं काम म्हणून लिहिते.

वकिलांचे दातही काल बसले. त्यांनी आरशात बघितलं आणि पहिला शब्द काढला तो एक्झॅसरबेट. अगदी स्पष्ट. मग म्हणाले, "आता इथे यायला काही कारण उरलं नाही." तरी आज सकाळी बाकावर होते, पेपर घेऊन.

म्हणजे आता हातात एकच तोंड उरलंय.

तुमची विहीण

•

गुरुवार, ८ मे

विहीणबाई,

हे पत्र वाचून फाडा. तपासायला ठेवू नका, तुमची मुलगी तुमचं टेबल आवरते.

काल तुम्ही मेणात रोवलेले नवे दात घालून खुर्चीत बसलात. मुलाने सांगितलं, "म्हणा, सात सशांनी साखर सांडली." तुम्ही म्हणालात. पहिल्यापासून शेवटपर्यंत, शिक्षिकेसारखं, एकेक अक्षर.

शिट्टी वाजली नाही. मी ऐकत होते. तीस वर्षं मी हे ऐकतेय, माझा कान मशीनच्या आवाजातसुद्धा शिट्टी सोडत नाही. एकही स वाजला नाही. मुलाचा चेहरा खुलला. कोपऱ्यात सुनेने बाळाला एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतलं आणि म्हणाली, "चला, मग आता सामान बांधायला हरकत नाही."

तुम्हीही ऐकलंत. मी तुमच्याकडे बघत होते, आता सवय झालीय. दात चांगले बसल्यावर माणसाचा चेहरा उजळतो, तुमचा पडला. तुम्ही बाळाकडे बघितलंत. मग छताकडे. आणि म्हणालात, "वाजते अजून."

मुलगा म्हणाला, "मला नाही ऐकू आली."

"तुला बाहेरून येणार नाही. मला आतून येते."

"पुन्हा म्हणा बरं."

तुम्ही पुन्हा म्हणालात, आणि मध्येच ओठ असे काही आवळलेत की बारीकसा आवाज निघाला. विहीणबाई, तुम्ही आयुष्यभर मुलांना खोटं बोललं तर बाकावर उभं केलंत, आणि तुम्हाला स्वतःला नीट खोटं बोलता येत नाही. ती शिट्टी नव्हती, फुंकर होती. पाखरूसुद्धा फसलं नसतं.

मुलगा माझ्याकडे वळला. "आई, तुला काय वाटतं? तुझा कान पक्का आहे."

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. सून, मुलगा, बाकावरून वकील. तुम्ही मात्र बघत नव्हतात. तुम्हाला वाटलं असणार, ही आता माझं खोटं उघडं पाडणार, सहा महिन्यांची हौस फेडून घेणार. मलाही क्षणभर तसंच वाटलं. इतकी सोपी संधी तुम्ही मला कधी दिली नव्हती.

मी म्हणाले, "वाजते की. चांगली वाजते. पुढचे दोन जरा आत घ्यावे लागतील."

मुलाने हातातलं अवजार खाली ठेवलं, डोळे मिटले, उघडले, आणि दात मेणातून परत काढायला घेतले. सुनेने एकदा तुमच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "म्हणजे पुढच्या बुधवारी परत?" म्हणाली. मग बाळाचं टोपडं काढून पुन्हा बसली. तिला काय कळलं, काय नाही, मी विचारणार नाही.

सगळे गेल्यावर मी वकिलांना विचारलं, एक बिघडलेलं काम दोघींनी मिळून, ठरवून, आणखी बिघडवायचं, याला तुमच्या इंग्रजीत शब्द आहे का? ते म्हणाले, "आहे. पण त्याला कलमही वेगळं आणि शिक्षाही वेगळी." मी म्हटलं, राहू दे मग.

याने आपलं जमलं असं समजू नका. जिन्यातलं मी विसरलेले नाही आणि माझा सुळा अजून तुमच्याकडे आहे. हे फार दिवस चालणार नाही हेही मला कळतं. कारखाना थांबणार नाही आणि मुलगा दुधखुळा नाही. पण पोर आता मान धरायला लागलीय. पालथी पडेपर्यंत तरी चालवू.

शिट्टीचं मात्र पुन्हा काढू नका, ती तुम्हाला जमत नाही. येत्या बुधवारी डावीकडे टोचतंय म्हणा. त्याच्या पुढच्या बुधवारचं मी बघते.

तुमची विहीण